वहीतले नाव

यंदाची मे महिन्याची सुटी मी एक जुनी वही उतरवून काढण्यात घालवली. वही आमच्या मंडळीच्या सभासदांची. 'मंडळी' हा शब्द इथे थोडा उलगडून सांगितला पाहिजे. इतर मराठी घरांत मंडळी म्हणजे पंगतीला बसलेली माणसे, किंवा जुन्या पुरुषांच्या तोंडी, बायको. आम्हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्च. पण दगडाविटांचे नव्हे, माणसांचे. इमारतीला आम्ही मंदिर म्हणतो. ते पडले तर पुन्हा बांधता येते. मंडळी मात्र त्या वहीत असते.

माझे अक्षर बरे आहे आणि शाळामास्तरणीला सुटीत काही काम नसते अशी आमच्या गावाची पक्की समजूत आहे. तेव्हा पाळकसाहेबांनी वही पिशवीत घालून घरी आणून दिली. कसर लागलेली, पाठीची शिवण उसवलेली, पहिल्या पानांची शाई तांबूस झालेली. "बाई, एवढी नव्या वहीत उतरवून द्या," ते म्हणाले, "आणि उतरवताना कमिटीचा ठराव तेवढा ध्यानात ठेवा."

ठराव असा, की ज्याने तीन वर्षे वर्गणी दिली नाही आणि तीन वर्षे जो प्रभुभोजनाला आला नाही, त्याचे नाव नव्या वहीत घेऊ नये. कुणाचे नाव खोडायचे नाही, हे मुद्दाम सांगितले होते. खोडणे वाईट दिसते. नुसते उतरवायचे नाही. सोबत चिटणिसांनी यादी जोडली होती. तिच्यात एक्केचाळीस नावे होती. एकोणतिसावे नाव माझ्या मुलाचे.

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशी, चर्चच्या वहीची कथा कशाला, असे कुणाला वाटेल. पण हा प्रश्न आमच्यापुरता आहे असे मला वाटत नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या तुळशीची माळ आहे, त्यांना तो चांगला ठाऊक आहे. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणाऱ्या बापाचा मुलगा एके वर्षी रजा मिळत नाही म्हणतो, आणि पुढच्या वर्षी काहीच म्हणत नाही. जेजुरीचा कुळाचार आता सोयीच्या रविवारी उरकतो. फरक इतकाच, की कुळाचार सुटला तरी कूळ सुटत नाही. कुणी वही घेऊन बसत नाही. आमच्याकडे नाव असते, नाहीतर नसते.

पहिल्या पानांवर माझ्या पणजोबांचे नाव आहे. बाप्तिस्म्याचे साल १९००. छपन्नाच्या दुष्काळाचे ते दुसरे वर्ष. नगर जिल्ह्यात (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) त्या साली काय झाले ते जुन्या माणसांनी सांगून सांगून आमच्यापर्यंत पोचवले आहे. गुरे मेली, मग झाडांच्या साली संपल्या, मग माणसे रस्त्याला लागली. पणजोबांची वस्ती गावकुसाबाहेरची. मिशनच्या कामावर खडी फोडायला गेले, तिथे धान्य मिळाले, आणि तिथेच ते ख्रिस्ती झाले. पोटासाठी बाटला, असे गाव म्हणाले. अजूनही म्हणते. मी ह्यावर पूर्वी फार चिडत असे. आता चिडत नाही. पोट हे काही माणसाचे हलके अंग नव्हे. पण एक गोष्ट गावाच्या हिशेबात बसत नाही. पाऊस पडला, शेते पिकली, मिशनचे धान्य बंद झाले. पणजोबा मात्र १९५१ साली डोळे मिटेपर्यंत मंडळीत राहिले. दोन वर्षांची भूक एक्कावन वर्षे पुरत नाही.

त्यांना काय मिळाले, हे मला ती ओळ उतरवताना प्रथम समजले. गावात त्यांना 'या'कारान्त हाक होती; कुत्र्याला मारावी तशी. वहीत त्यांच्या नावापुढे 'जी' आहे. बापाचे नाव आहे. त्याआधी त्यांचे नाव फक्त एका वहीत लिहिले गेले होते, ती सावकाराची. सावकाराच्या वहीत नाव येते ते माणूस काही देणे लागतो म्हणून. ह्या दुसऱ्या वहीत ते काही देणे लागत नसताना आले. आणि त्याची किंमत त्यांनी दुसरीकडे मोजली. भावकीने पाणी बंद केले, बलुत्याचा हक्क गेला, मुलाला मुलगी कुणी देईना, मसणवट्यात जागा राहिली नाही. म्हणजे ज्याला आपण आज सभासदत्व म्हणतो, ते पणजोबांच्या लेखी भावकी होते, सोयरीक होती आणि मेल्यावरची सहा फूट जमीन होती.

पुढच्या पानांवर आजोबांचे अक्षर सुरू होते. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि मंडळीचे चिटणीस. त्यांच्या काळातला सगळा रस शेऱ्याच्या रकान्यात आहे. 'बदली, मुंबई.' 'मयत.' 'दारूबद्दल समज दिली.' 'दूर केले.' 'परत घेतले.' दूर केले म्हणजे प्रभुभोजनापासून दूर. एके ठिकाणी मी बराच वेळ थांबले. आजोबांच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या नावापुढे आजोबांच्याच अक्षरात लिहिले आहे: 'खंडोबाच्या जत्रेत नाचला म्हणून दूर केले.' कारण इतके सविस्तर दुसऱ्या कुणापुढे लिहिलेले नाही. भावाचे होते म्हणून लिहिले असावे, पक्षपात केला असे कुणी म्हणू नये म्हणून. ते लिहून आल्यावर आजोबा त्या रात्री जेवले नाहीत, असे आजी सांगे. आणि ते धाकटे आजोबा पुढचे आठ महिने दर रविवारी मंदिराच्या पायरीवर बसत. आत गीत सुरू झाले की बाहेरून मोठ्याने म्हणत. आवाज त्यांचा चांगला होता. आतल्यांचा सूर त्यांच्यावर चाले. आठ महिन्यांनी 'परत घेतले' असा शेरा आहे.

हे मी मुलाला फोनवर सांगितले तेव्हा तो हसला. "एवढे अपमान करून घ्यायला पायरीवर का बसायचे? घरी जायचे सरळ," तो म्हणाला. त्याला ते खरेच कळले नाही, आणि त्याला ते कळले नाही ह्यातच आमच्या चार पिढ्यांचे अंतर आहे. शिक्षा ज्याला लागते त्याला ती संस्था हवी असते. माझ्या मुलाला आपले नाव यादीत आहे हेही ठाऊक नव्हते. मी सांगितल्यावर त्याने विचारले, "मग त्याने काय होते?"

माझ्या वडिलांच्या वेळी गोष्टी संथ झाल्या होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पाटी बदलली, वही तीच राहिली. वडील वर्गणी विजेच्या बिलाप्रमाणे वेळेवर भरत, कमिटीवर बसत, कोर्टकज्जे निघाले तेव्हा खाली मान घालून घरी येत. जमिनींच्या वादांत मंडळ्यांची किती वर्षे गेली हे आमच्या लोकांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना सांगण्यात भूषण नाही. त्या वर्षांत आम्ही मुले उंबऱ्यावर बसून मोठ्यांची भांडणे ऐकत होतो. आम्ही पुढे मंडळीत राहिलो ते राहण्याची सवय होती म्हणून.

आणि मी? माझे नाव ह्या वहीत दोनदा आहे. एकदा लेकरू म्हणून, १९८० साली, पुढे शेरा 'लग्नामुळे बदली'. दुसऱ्यांदा २००८ साली, नवऱ्याच्या नावाखाली, नोकरीमुळे आम्ही इकडे परत आलो तेव्हा. मध्ये एक दाखला आला आणि एक दाखला गेला. दोन्ही वेळा मला कुणी विचारले नाही, आणि विचारायला हवे होते असे मलाही वाटले नाही. गॅसची टाकी एका गावाहून दुसऱ्या गावी नावावर करून घ्यावी तसे ते झाले. त्याच दाखल्यावर, खालच्या ओळीत, माझा चार वर्षांचा मुलगाही बदलून आला.

ह्या वहीचे मूळ शोधू गेले तर समुद्रापलीकडे जावे लागते. आमच्या भागात काम केले ते अमेरिकन मराठी मिशनने. त्यांची पहिली माणसे १८१३ साली मुंबईस उतरली, १८३१ साली नगरला ठाणे झाले, आणि १८४२ साली तिथूनच 'ज्ञानोदय' निघू लागले. हे लोक मुख्यतः न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचे. त्यांच्या पूर्वजांचा नियम कडक होता. जन्माने कुणी सभासद होत नाही. माणसाने मंडळीसमोर उभे राहून, देवाने माझ्या जिवात काय केले, हे आपल्या तोंडाने सांगायचे. ते मंडळीला पटले तर नाव लिहायचे. सोळाशे तीसच्या सुमारास जे समुद्र ओलांडून गेले त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते. घरदार सोडले होते, वादळे पाहिली होती. त्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा झाला, मुले सरळ निघाली, शेती करू लागली. पण उभे राहून सांग म्हटल्यावर त्यांना काही सांगता येईना. त्यांना तसे काही झालेलेच नव्हते. ती मुले प्रामाणिक होती, एवढेच त्यांचे चुकले. मग त्यांना मुले झाली. ह्या नातवंडांना बाप्तिस्मा द्यायचा की नाही?

१६६२ साली बॉस्टनला पाळकांची सभा भरली आणि तिने मधला मार्ग काढला. आईबापांनी अनुभव सांगितला नसला तरी त्यांच्या लेकरांना बाप्तिस्मा द्यावा; मात्र आईबापांना प्रभुभोजन नाही आणि मतही नाही. लोकांनी ह्याला अर्धा करार असे नाव दिले. त्यात थट्टा होती. पुढे नॉर्थॅम्प्टन गावी सॉलोमन स्टॉडर्ड ह्या पाळकाने प्रभुभोजनाचे मेज सगळ्याच सभ्य माणसांना मोकळे केले. त्याच्यामागे त्याच व्यासपीठावर त्याचा नातू आला, जोनाथन एडवर्ड्स, मोठा विचारवंत. नातवाला वाटू लागले की आजोबांचे चुकले. ज्याला स्वतःचा अनुभव नाही त्याने मेजाशी येऊ नये. १७५० साली मंडळीने मते घेऊन नातवालाच काढून टाकले. आजोबांनी उघडलेले दार नातू लावू पाहत होता, आणि लोक आत बसलेले होते.

मला ही हकीकत वाचून फार धीर आला. म्हणजे हे आमच्या पिढीचे, किंवा मोबाईलचे, किंवा पुण्याच्या हवेचे पाप नव्हे. आमच्या कमिटीत दर बैठकीला कुणीतरी मोबाईलला दोष देतो. मिशनरी इथे वही घेऊन आले तेव्हा तिच्यातला नातवंडांचा प्रश्न दीडशे वर्षांचा होता. आता त्यांच्या मायदेशी तो कुठवर आला आहे तेही पाहण्यासारखे आहे. गॅलप ही संस्था तिथल्या लोकांना, तुम्ही एखाद्या चर्चचे, सिनेगॉगचे किंवा मशिदीचे सभासद आहात का, असे विचारत आली आहे. १९३७ साली शंभरातले ७३ हो म्हणाले, १९९९ साली ७०. २०२० साली ४७. साठ वर्षांत तीन उतरले आणि एकवीस वर्षांत तेवीस. ही सगळी माणसे नास्तिक झाली असे नाही. त्यांतल्या पुष्कळांना देव हवा आहे. वही नको आहे.

आमच्याकडेही हेच. माझ्या मुलाच्या वयाची कितीतरी पोरे पुण्यात भाड्याच्या सभागृहात भरणाऱ्या प्रार्थनासभांना जातात. तिथे गिटार असते, गाणी पडद्यावर दिसतात, रडतात, हसतात, आणि नाव कुणी लिहून घेत नाही. पुढच्या रविवारी दुसऱ्या सभागृहात गेले तरी कुणी विचारत नाही. माझा मुलगा तिथेही जात नाही. पण त्याच्या शब्दांत बोलायचे तर, जायचेच झाले तर तो तिथे जाईल.

वही नको म्हणणारे आमच्यात पूर्वीही होते, आणि ते सामान्य नव्हते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि दोन वर्षांच्या आतच तिथल्या धर्मभगिनींशी त्यांचा पत्रांतून वाद जुंपला. आपल्या देशातल्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून काढले आहे, दुसऱ्या पुरोहितांचे जू लगेच घेणार नाही, असा त्यांचा रोख होता. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी. त्या पाच वर्षांचा ताटातुटीचा काळ 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांना सांगायला नको. मला त्यातले एक नेहमी आठवते. नवरा गेला म्हणून दाखल्यावर बाईचे नाव बदलून गेले नाही. त्या आपल्या पायांनी आल्या, भांडत आल्या. माझ्यासारखी त्यांची बदली झाली नव्हती. आणि खुद्द टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून बाहेर पडले. साताऱ्यास त्यांनी देवाचा दरबार मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, ख्रिस्ताचा शिष्य म्हणवणारा कुणीही त्यात यावा, अशी ती कल्पना. १९१९ साली ते गेले. त्यांच्यामागे दरबार फोफावला नाही. त्यांची गीते मात्र ज्या मंडळ्यांच्या भिंतींना ते कंटाळले होते त्याच भिंतींच्या आत, दर रविवारी, शंभर वर्षे गायली जात आहेत. ह्यावरून भिंतीच खऱ्या असे कुणी म्हणेल. मी तेवढे म्हणत नाही. भिंती नसत्या तर गीते कुणी जपली असती, एवढेच विचारते.

इथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख टाळला तर लिहिणे खोटे होईल. यादीतल्या एक्केचाळीसांतले काही जण वर्गणीच्या आळसाने थकलेले नाहीत. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली त्यांत शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. गावकुसाबाहेरच्या त्याच वस्तीतले, त्याच पणजोबांचे दोन वंश. एकाच्या हातात दाखला आहे, दुसऱ्याच्या नाही. मग एखादा बाप पाळकसाहेबांना एका बाजूला घेऊन म्हणतो, "पोराचे नाव वहीत घालू नका. तो प्रभूचा आहे, पण कागदावर नको." पणजोबांना ज्या वहीने नाव दिले, त्याच वहीपासून त्यांच्या पणतूंना नाव लपवावे लागते. अशा बापाला भित्रा म्हणणारे आमच्यात आहेत. बहुधा त्यांची मुले नोकरीला लागलेली असतात.

माझ्या मुलाचे कारण मात्र हे नाही. जूनमध्ये तो दोन दिवस घरी आला तेव्हा वही टेबलावर उघडीच होती. मी म्हटले, "तू वचन दिले होतेस. दृढीकरणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर."

"पंधराव्या वर्षी," तो म्हणाला. "आई, त्या वर्षी तू मला सिमकार्ड माझ्या नावावर घेऊ दिले नाहीस. लहान आहेस म्हणालीस. आणि जन्माचे वचन घेतलेस."

मी गप्प बसले. तो वही चाळीत होता. पहिल्या पानावर थांबून म्हणाला, "तुझ्या पणजोबांनी काय केले? जन्माने मिळालेले होते ते सोडले. त्याबद्दल तुम्ही दर वर्षी त्यांची आठवण काढता. मी तेच केले तर थकबाकीदार."

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेले नाही. आमची मंडळी सोडून निघालेल्या माणसांची आहे. एकाने भावकी सोडली, एकाने जानवे सोडले, एकीने माहेर सोडले. सोडण्याचे धैर्य ज्यांनी दाखवले त्यांच्या नावांनी पहिली पाने भरली आहेत. आणि पुढची सगळी पाने कुणी सोडू नये ह्या काळजीने. निष्ठा हा गुण आहे, असे आम्ही शब्बाथशाळेत शिकवतो. पणजोबांच्या बापाने त्यांना तेच सांगितले असेल.

"पणजोबांनी एक पंगत सोडली ती दुसऱ्या पंगतीला बसण्यासाठी," मी म्हटले. "आणि सोडताना काय गेले ते त्यांना ठाऊक होते. तुझे काय गेले?"

"म्हणजे दुखले तरच खरे?" त्याने विचारले.

मला उत्तर आले नाही. आजही पुरते येत नाही. ज्याला काही मोजावे लागले नाही त्याचा निर्णय खोटा, असे मानले तर माझे मंडळीत राहणेही खोटेच. मी तरी काय मोजले? पण त्याला जे सांगायचे होते ते मला नंतर, भांडी घासताना सुचले. सभासदत्व म्हणजे आपण काय मानतो त्याचा जाहीरनामा, असे तो समजतो. आणि ते त्याला तसे शिकवले आम्हीच. मला ते निराळे वाटते. आपण काय मानतो हे महिन्यागणिक बदलते. माझेही बदलते; पुनरुत्थानावर माझा विश्वास काही रविवारी पक्का असतो आणि काही रविवारी नसतो. वहीत नाव असणे म्हणजे काही माणसांना माझ्या दारावर अपरात्री थाप मारायचा हक्क देणे, आणि त्यांच्या दारावर मारायचा घेणे. ती माणसे मी निवडलेली नाहीत. त्यांतली निम्मी मला आवडत नाहीत. सभागृहातली प्रार्थनासभा मुलगा निवडतो, तिथली माणसेही निवडतो. न आवडली तर पुढच्या रविवारी दुसरी. अशी निवडलेली माणसे प्रेमाची असतील, पण न आवडणाऱ्या माणसाचे आपण काही देणे लागतो, हे तिथे शिकता येते का, मला शंका आहे.

हा विचार मला इतका पटला की मी हात पुसून तो त्याला सांगायला निघाले. आणि दारातच एक गोष्ट आठवून थांबले.

२०२१ सालच्या एप्रिलमध्ये माझे वडील कोरोनाने गेले. रुग्णालयातून रात्री नऊला फोन आला. खड्डा खणायला कुणी तयार होईना. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना ह्यात कुणाला बोल लावावासा वाटणार नाही. मी वहीतल्या माणसांना फोन केले. पाळकसाहेब स्वतः आजारी होते. काहींनी उचलले नाहीत. मंडळीतले तिघे आले, ते मी विसरणार नाही. आणि चौथा एक आला, त्याला मी फोन केलाच नव्हता. कुदळ त्याने घरून आणली होती. खड्ड्यात उतरून खणले ते मुख्यत्वे त्याने. रात्री दोनला सगळे झाले तेव्हा तो कबरस्तानाच्या फाटकाशी बसून बिडी ओढीत होता. वीस वर्षांपूर्वी, वर्गणीच्या थकबाकीवरून आणि कमिटीत कुणाला तरी अद्वातद्वा बोलला म्हणून, त्याचे नाव खोडलेले आहे. तेव्हा खोडीत असत. शाईची रेघ मी वहीत पाहिली. ती पट्टी धरून मारलेली आहे.

जुन्या नियमाप्रमाणे ज्याचे नाव वहीत नाही त्याला आमच्या कबरस्तानात जागा नाही.

मी पाळकसाहेबांकडे गेले. ते वाईट गृहस्थ नाहीत. पगार वेळेवर मिळत नसताना चार खेड्यांच्या उपासना मोटरसायकलवर उरकतात. त्यांनी माझे शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता ते खरे. पण निवडणुकीच्या आधी लोक कुठून कुठून नावे आणून घालतात, ते तुम्ही पाहिले आहे. जमीन मंडळीची आहे, म्हणजे जो सभासद त्याची. वही ढिली सोडली तर पाच वर्षांत जमीन राहणार नाही. मग कुणाला कुठे पुरायचे?" ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते. दार किती उघडावे, हा नॉर्थॅम्प्टनच्या आजोबा-नातवांचाच वाद आमच्या अंगणात कबरस्तानाच्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचला होता.

निघताना ते म्हणाले, "आणि मयतांची नावे सगळी उतरवा. ती गाळू नका."

मयतांची थकबाकी कुणी पाहत नाही. तेव्हा धाकटे आजोबा त्यांच्या दोन्ही शेऱ्यांसकट नव्या वहीत आले. पणजोबा 'जी'सकट आले. जत्रेत नाचलेले, दारू प्यालेले, मुंबईला जाऊन पुन्हा न दिसलेले, सगळे आले. गळायचे ते फक्त जिवंत.

नवी वही मी ऑगस्टमध्ये पुरी केली. ठराव मोडलेला नाही. यादीतली नावे उतरवलेली नाहीत. मात्र त्यांचे अनुक्रमांक घातले आहेत आणि त्यांपुढच्या ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. मुलाला फोनवर सांगितले तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारले, "कोऱ्या ओळीत कोण लिहिणार?" मी म्हटले, "मी नाही." तो म्हणाला, "मीही लिहीन असे धरून चालू नकोस." तरी त्याने आपला क्रमांक विचारून घेतला.

पाळकसाहेबांनी वही चाळली, कोऱ्या ओळी पाहिल्या, चष्मा काढून पुसला. म्हणाले, "कमिटी विचारील." कमिटीची बैठक डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आहे, नाताळच्या तयारीची. तोवर वही मंदिराच्या कपाटात आहे. कोऱ्या ओळी त्यांनी मोजल्या नाहीत. त्या बेचाळीस आहेत.